सरळ चालण्याची सवय

माझे आजोबा महूला पलटणीत होते आणि पेन्शनीत निघाल्यावरही त्यांनी चाल बदलली नाही. भाजी आणायला निघाले तरी परेडला निघाल्यासारखे दिसायचे. जेवायला बसलेल्या नातवंडाची पाठ वाकलेली दिसली की मागून येऊन दोन खांद्यांच्या मधोमध बोट ठेवायचे, बोलायचे काही नाही. वडिलांनी हे त्यांच्याकडून घेतलं. ते टेलिफोन खात्यात लागले, इंदूरला आले, इथंच घर बांधलं. आमची मराठी हळूहळू अर्धी हिंदी झाली, पण चालायचं कसं हे बदललं नाही. "मान खाली घालून चालायचे दिवस आपल्या लोकांनी पुष्कळ काढले," पप्पा म्हणायचे. "आपण नाही चालायचं तसं." आमच्या घरात याहून जास्त कुणी समजावलं नाही, आणि गरजही नव्हती.

मी खेळाची शिक्षिका झाले त्यात या घराचा हात असणारच. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, सकाळच्या प्रार्थनेला मैदानात मुलांच्या ओळी. चौदा एप्रिलला, जयंतीला, दर वर्षी आम्ही महूला जायचो. तिथल्या मिरवणुकीत बायकांचं लेझीम पथक मी चालवायचे. पांढरी साडी, निळा पट्टा, आणि सगळ्यांत पुढे मी. लग्न मी केलं नाही. आई गेल्यावर घरात पप्पा आणि मी, दोघंच उरलो. दोघंही कमी बोलणारे, त्यामुळे जमून गेलं.

माझी शाळा सांवेर रोडच्या बाजूला आहे. एका सकाळी शाळेत जाताना एका गोदामाच्या फाटकातून लोडिंग गाडी उलटी बाहेर आली. मी स्कूटीवर होते. ब्रेक दाबल्याचं आठवतं, आणि गाडीच्या मागच्या फळीचा हिरवा रंग एकदम जवळ आल्याचं आठवतं. उजवा पाय स्कूटी आणि डिव्हायडरच्या मध्ये सापडला. लोक जमले. गाडीचा ड्रायव्हर, पन्नाशीकडे आलेला, केसांना मेंदी लावलेला माणूस, धावत आला आणि दोघातिघांना हाताशी घेऊन त्यानंच मला त्याच गाडीत कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवं केलं. दवाखाना येईपर्यंत तो केबिनच्या मागच्या खिडकीतून मान वळवून सांगत होता, "दीदी, बस पहुँच गए. मेरी गलती है दीदी, मैंने देखा नहीं." मला एवढं दुखत असताना मी त्याला म्हणाले, "भैया, आप आगे देखो."

गुडघ्याखालचं हाड फुटलं होतं. प्लेट बसवली, मग जखमेत पू झाला, पुन्हा उघडावं लागलं. सगळं भरून आलं तेव्हा उजवा पाय डाव्याहून थोडा आखूड झाला होता आणि गुडघा निम्म्यावर वाकून अडत होता. डॉक्टर म्हणाले, "आप चल रही हैं, यही बड़ी बात है." वॉकर सुटला, काठी सुटली, आणि पहिल्यांदा मी पप्पांबरोबर आमच्या गल्लीत शंभरेक पावलं चालले. समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. पप्पा माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाले, "पाय ओढू नकोस. सरळ टाक. लोक बघतायत." त्यात राग नव्हता. लहानपणी सायकल शिकवताना ज्या आवाजात ते 'समोर बघ' म्हणायचे तोच आवाज होता. मी सरळ टाकला. डोळ्यांत पाणी आलं, पण टाकला.

शाळा पुन्हा सुरू केली तेव्हा मैदान माझ्याकडून गेलेलंच होतं. एका तरुण मुलाला खेळ दिले होते आणि मला लायब्ररीत बसवलं. पगार कमी झाला, तेही ठीक म्हटलं. पहिल्याच आठवड्यात मी व्हरांड्यातून चालले होते आणि मागं कसलातरी ठेका ऐकू आला. वळून पाहिलं तर तिसरीची मुलं ओळीनं माझ्या मागं येत होती, आणि सगळी एका पायावर झोक देत, माझ्यासारखी. चिडवत नव्हती बिचारी. पहिलीपासून मीच त्यांना शिकवलं होतं, मॅडम चालतील तसं मागं चाला. मी त्यांना वर्गात पाठवलं, लायब्ररीत जाऊन दार लावलं, आणि बराच वेळ एकाच कपाटातली पुस्तकं काढून परत लावत बसले.

त्यानंतर मी लपवायला शिकले. सावकाश चाललं की लंगडणं कमी दिसतं. हातात पुस्तकांचा गठ्ठा असला की लोकांना वाटतं, ओझ्यामुळे झुकल्या आहेत. उभं राहायचं तर भिंतीजवळ, भार डाव्या पायावर. मी चांगली पारंगत झाले त्यात. पप्पा खोलीत असले की मी उठतच नसे. ते आंघोळीला गेले की घरातली सगळी कामं आटपायची. कुणीही विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, "ठीक है. एकदम ठीक है." लोकांनाही तेच ऐकायचं असतं, असं मला वाटतं.

क्लेमचं नाव पहिल्यांदा काढलं ते शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी. त्या महाराष्ट्रातून नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकत्या इथं आल्या होत्या. डबा खाताना त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही दावा नाही लावला? अहो, गाडीचा विमा असतोच की. तो तुमचा हक्क आहे." घरी येऊन मी पप्पांना सांगितलं. ते पेपर वाचत होते.

"म्हणजे पायाचे पैसे मागायचे?" ते म्हणाले.

"नुकसानीचे. दोन ऑपरेशनं झाली, पगार कमी झाला."

"मला कळतं. पण आपल्या घरात कुणी मागायला गेलं नाही अजून. फौजेत तुझ्या आजोबांच्या खांद्याला गोळी चाटून गेली होती. त्यांनी कधी कुणाला दाखवली पण नाही ती जागा." मग पेपरची घडी घालत म्हणाले, "कोर्ट-कचेरी आपल्या बस की बात नाही बेटा. पण तुला जायचं असेल तर मी येतो सोबत."

विज्ञानाच्या बाईंनीच एका वकील मॅडमचा पत्ता दिला. त्यांचं ऑफिस स्नेहलतागंजमध्ये, एका कुरियरवाल्याच्या वर. जिना अरुंद, एका बाजूला लोखंडी दांडी. पप्पा खाली गाडी लावायला जागा शोधत होते म्हणून मी एकटीच वर गेले. वकील मॅडम विदर्भातल्या, लग्न होऊन इथं आलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांची मराठी ऐकली की मी आपोआप माझी सावरायला लागायचे, हिंदी शब्द गिळायचे. त्या मात्र मला पहिल्यापासून ताई म्हणायला लागल्या. पप्पा वर आले, खुर्चीत ताठ बसले, आणि मॅडमनी मला त्रास काय काय होतो असं विचारल्यावर त्यांनीच उत्तर दिलं, "तशी ठीक आहे आता. चालते-फिरते. बाकी भगवंताची कृपा."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "काका, खाली कोपऱ्यावर चहावाला आहे. तीन चहा सांगून येता का? माझा फोन तो उचलत नाही."

पप्पा गेल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही वर येत होत्या तेव्हा मी वरच्या कठड्यापाशी उभी होते. तुम्ही दोन्ही हातांनी दांडी धरली होती. डावा पाय वर ठेवायचा, मग उजवा पाय हातानं सलवार धरून उचलायचा. मधे थांबून भिंतीला डोकं टेकलं तुम्ही. आणि माझ्या दारातून आत आल्या त्या काहीच झालं नसल्यासारख्या."

कुणीतरी कपडे बदलताना पाहिल्यासारखं झालं. मी पदर नसताना ओढणीच सारखी करत बसले.

मग त्यांनी प्रश्न विचारले. संडासला कशा बसता. आंघोळ उभ्यानं की स्टुलावर. रात्री कुशीवर वळता येतं का. जमिनीवर पडलेली वस्तू कशी उचलता. पाळीच्या दिवसांत काय करता. एकेक उत्तर मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघून दिलं. काचेखाली त्यांच्या मुलीचा शाळेतला फोटो होता. सगळं त्या लिहून घेत होत्या.

"हे कोर्टात वाचणार?" मी विचारलं.

"शपथपत्रात येईल. जज साहेब वाचतील. विमा कंपनीचा वकील वाचेल, आणि त्यावर विचारेल पण."

"पप्पा?"

"त्यांच्या हातात द्यायची काही गरज नाही." मग म्हणाल्या, "तुम्ही चोरी केलेली नाही, ताई. तुम्हाला लागलंय."

हे मला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता. पप्पा चहा घेऊन आले, आणि त्यांनी दोघींच्या तोंडाकडे बघून आपला चहा उभ्यानंच प्यायला.

दाव्याचे कागद तयार झाले तेव्हा विरोधी पक्षात पहिलं नाव त्या ड्रायव्हरचं पाहिलं आणि माझा हात सहीवरच थांबला. ज्यानं मला दवाखान्यात पोचवलं, तीनदा भेटायला आला, एकदा मोसंब्या आणल्या, त्याच्यावर मी केस लावत होते. मॅडमनी समजावलं की त्याचं नाव असावंच लागतं, लायसन बरोबर आहे, गाडीचा विमा चालू आहे, भरपाई कंपनी देईल, त्याच्या खिशाला हात लागणार नाही. मी सही केली. पण त्याला फोन करून सांगायची हिंमत झाली नाही. त्याला कोर्टाच्या नोटिशीतूनच कळलं असणार.

मग अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर गेले. बाकावर आम्ही खूप जण होतो. एकाला हात नव्हता, एका म्हातारीला दिसत नव्हतं. आत डॉक्टरांनी सलवार गुडघ्याच्या वर घ्यायला लावली, एका फुटपट्टीसारख्या यंत्रानं गुडघा किती वाकतो ते मोजलं, आणि शिकायला आलेल्या मुलामुलींना बोलावून दाखवलं, "देखो, यहाँ से आगे नहीं जाएगा." त्यांच्यातली एक मुलगी माझ्या शाळेची जुनी विद्यार्थिनी निघाली. कबड्डीच्या टीममध्ये होती. तिनं मला ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवून खाली बघितलं. तिचा तो चांगुलपणा मला अजून टोचतो.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका म्हणायच्या, "चला, पाय गेला पण काहीतरी हाती तर येईल." कुणी विचारायचं, किती मिळतायत. मी सांगायला लागले की केस-वेस काही नाही, इन्शुरन्सचे कागद आहेत. पप्पाही तेच सांगायचे. आम्ही दोघांनी ठरवलं नव्हतं, पण खोटं मात्र एकच बोलत होतो.

त्याच वर्षी जयंतीला महूला जायचं की नाही यावर घरात बोलणं झालं नाही. आदल्या दिवशी पप्पांनी माझी पांढरी साडी इस्त्री करून आणून पलंगावर ठेवली, एवढंच. मी सकाळी दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या आणि गेले. पथकातल्या बायकांनी मला पाहून जागा केली. लेझीम मी घेतली नाही, निळा झेंडा घेतला. मिरवणूक सुरू झाली. डाव्या-उजव्या बाजूला ओळखीची माणसं, छतांवर लोक, ढोलाचा ठेका. चौकातून पुढच्या वळणापर्यंत मी चालले, ताठ, मान वर, पाय न ओढता. कसं चालले ते माझं मला माहीत. वळणावर पप्पा उभे होते आणि त्यांनी हात वर केला, लहानपणी शर्यत जिंकल्यावर करायचे तसा. पुढे एका दुकानाच्या पायरीवर मी बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. घरी येऊन गुडघा एवढा सुजला की पुढचे काही दिवस शाळेला जाता आलं नाही. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू.

माझ्या साक्षीची तारीख त्यानंतर काही महिन्यांनी लागली. पप्पा सोबत आले. मी त्यांना नको म्हटलं होतं. "तू एकटी उभी राहणार का तिथं?" ते म्हणाले, आणि सफारी घालून, बूट पॉलिश करून तयार झाले.

कोर्टाच्या व्हरांड्यात ड्रायव्हर भेटला. मी नजर चुकवणार तोवर तोच पुढे आला. "दीदी, पैर कैसा है अब?" त्याच्या विचारण्यात काही वाकडं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ठीक है भैया. आप कैसे हो?" त्याचा चेहरा उजळला. "चलो, अच्छा हुआ. मैं तो रोज सोचता था." वकील मॅडम थोड्या अंतरावर होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ड्रायव्हरच्या शेजारी काळ्या कोटातला एक वयस्कर गृहस्थ उभा होता, तो मात्र माझ्याकडे बघून हलकेच हसला. कंपनीचा वकील तो.

खोली लहान होती. फायलींचे ढीग, वर हळू फिरणारा पंखा, मागं दोन बाक. पुढच्या बाकावर पप्पा. साक्षीदारासाठी एक लाकडी चौथरा आणि त्याला कठडा, चढायला एक पायरी. मी भिंतीच्या बाजूनं, सावकाश, नेहमीच्या सफाईनं वर गेले. शपथ झाली. कंपनीच्या वकिलानं शपथपत्र हातात घेतलं आणि अतिशय अदबीनं बोलायला सुरुवात केली.

"मैडम, आपने लिखा है कि आप उकड़ू नहीं बैठ सकतीं. शौचालय में कुर्सी लगानी पड़ती है. सही है?"

"जी."

"स्नान के समय पिताजी को घर से बाहर जाना पड़ता है, ताकि आप घिसटकर बाहर आ सकें. ये भी सही है?"

"जी."

मी पप्पांकडे बघितलं नाही. त्यांच्या बुटाची टोकं दिसत होती, ती हलली नाहीत. सकाळी मला आंघोळीला जायचं असलं की मी त्यांना दूध आणायला, पेपर आणायला, काहीतरी आणायला पाठवत आले होते. इतके दिवस त्यांना ते फक्त दूधच वाटलं होतं.

"अभी बाहर आपने ड्राइवर साहब से कहा कि पैर ठीक है. कहा था?"

"कहा था."

मग त्यानं फोन काढला, जज साहेबांची परवानगी घेतली, आणि आधी त्यांना आणि मग मला पडदा दाखवला. आयोजकांनी कुठंतरी टाकलेला मिरवणुकीचा व्हिडिओ. ढोल ऐकू आला. पांढऱ्या साडीतली एक बाई झेंडा घेऊन चालत येत होती. मी स्वतःला कधी असं बाहेरून पाहिलं नव्हतं. ती बाई खरंच चांगली चालत होती.

"ये आप ही हैं?"

"जी."

"दुर्घटना के बाद का है?"

"जी."

"इसमें कहीं लंगड़ा रही हैं आप?"

"नहीं."

"बस, इतना ही," तो म्हणाला आणि खाली बसला.

मागच्या बाकावर कुणीतरी हसल्यासारखं मला वाटलं, कदाचित खोकला असेल. मी खोटारडी ठरले होते, आणि तेही माझ्याच मेहनतीनं. कान तापले होते. वाटलं, आता सगळं सोडून द्यावं, सांगावं की मला काही नको, आणि घरी जावं.

वकील मॅडम उठल्या. त्यांनी जज साहेबांना विनंती केली की साक्षीदारानं एकदा चालून दाखवावं, न्यायालयानं स्वतः पाहावं. जज साहेब म्हणाले, "ठीक है. दरवाज़े तक जाइए और वापस आइए."

मी उतरले आणि चालले. आणि सवयीनं सरळ चालले. दारापर्यंत गेले, वळले, परत आले. माझ्या ध्यानातही आलं नाही. मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा कळलं की मी काय केलं ते.

त्या माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणून मराठीत म्हणाल्या, "ताई, माझ्या जिन्यात चालता तशा चाला. घरी कुणी नसताना चालता तशा."

"इथं?"

"इथंच."

"पप्पा बसलेत."

"माहीत आहे मला."

जज साहेबांनी विचारलं, "क्या बात है?" मॅडम हिंदीत म्हणाल्या, "सर, इन्हें लंगड़ाने में शर्म आती है. दो मिनट दीजिए." ते त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. कंपनीचा वकील हरकत घ्यायला अर्धा उठला, पण जज साहेबांनी हातानंच त्याला बसवलं.

मी पुन्हा दाराकडे निघाले. कसं सांगू, लपवणं मी शिकले होते, पण न लपवणं कसं करायचं ते मला येत नव्हतं. अंगातली कुठलीतरी खीळ सोडावी लागली. सोडली तसा कमरेपासून सगळा देह उजवीकडे कलला, पाय घासत आला, फरशीवर चपलेचा आवाज झाला. दोन पावलांनंतर हात आपोआप भिंत शोधायला लागले. वळताना बाकाची पाठ धरली. चौथऱ्याच्या पायरीपाशी आले, डावा पाय वर ठेवला आणि उजवा उचलायला दोन्ही हातांनी सलवार धरली. तोंड उघडं पडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी घरात एकटी असतानाच काढत असे. भरलेल्या खोलीत तो मलाच परका वाटला.

"बस. बैठ जाइए," जज साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची आणवली. मग विचारलं, "जुलूस में वैसे क्यों चलीं?"

मी म्हणाले, "सर, हमारे यहाँ सब देख रहे थे."

त्यांनी ते टायपिस्टला सांगून लिहून घेतलं. माझं वाक्य त्यांच्या आवाजात परत ऐकताना ते फार बापुडवाणं वाटलं. मी वर बघितलं तेव्हा पुढच्या बाकावर पप्पा नव्हते.

ते बाहेर नळापाशी उभे होते. रुमाल ओला करून तोंड पुसत होते. मी आले तसा त्यांनी रुमाल खिशात घातला आणि म्हणाले, "चल." गाडी लांब लावली होती. मी माझ्या नेहमीच्या सफाईनं चालायला लागले आणि मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. काही म्हणाले नाहीत. फक्त त्यांची चाल कमी झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रेंगाळत चालताना पाहिलं. कंपनीचा वकील मागून येऊन आम्हाला ओलांडून गेला, जाता जाता थांबून म्हणाला, "मैडम, बुरा मत मानिएगा. हमारा काम है." पप्पांनी त्याला नमस्कार केला. मी केला नाही.

घरी आल्यावर त्या रात्रीचं जेवण त्यांनी बनवलं, खिचडी. ताट माझ्या हातात देऊन ते समोर बसले आणि म्हणाले, "मी दुधाला जायचो तेव्हा..." आणि वाक्य तिथंच सोडलं. मीही पुरं करायला लावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या आंघोळीच्या वेळी स्वतःहून, न सांगता, बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागले. दार ओढून घ्यायचे. मला ते जास्त जड गेलं. मी त्यांना दूध आणायला पाठवत होते तेव्हा निदान काही झालंच नसल्याचं नाटक मला करता येत होतं.

निकाल बऱ्याच तारखांनंतर लागला. वकील मॅडमचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत होते. मागितलं होतं त्याहून कमी मिळालं, पण मिळालं, आणि मैदानातली नोकरी गेल्याचं कोर्टानं मानलं. "जज साहेबांनी लिहिलंय की त्यांनी स्वतः तुम्हाला चालताना पाहिलं," त्या म्हणाल्या. त्या खूश होत्या. मी आभार मानले, अगदी मनापासून, आणि फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो हा की आता ते कागदावर कायमचं राहणार. कुणीही काढून वाचू शकेल. ड्रायव्हरला मी या वेळी स्वतः फोन केला, त्याच्यावर काही बोजा आला नाही हे सांगायला. तो म्हणाला, "दीदी, आपने उस दिन झूठ बोला था मुझसे, कि ठीक है." मी हो म्हणाले.

रक्कम बँकेत यायची होती, त्यासाठी सह्या करायला पप्पा आणि मी गेलो. मॅनेजरची केबिन वरच्या मजल्यावर. लिफ्टला कुलूप होतं, गार्ड म्हणाला ती फक्त स्टाफसाठी आहे. हॉलमध्ये गर्दी होती, टोकन घेऊन लोक बसले होते, त्यात आमच्या ओळखीचेही एक-दोघे. मी जिन्याकडे वळले. तेवढ्यात पप्पा गार्डला म्हणाले, टेलिफोन खात्यातल्या जुन्या माणसांचा असतो तसा मोठा, खणखणीत आवाज त्यांचा, "लिफ्ट खोलिए. मेरी बेटी लंगड़ी है, सीढ़ी नहीं चढ़ सकती."

अर्ध्या हॉलनं वळून पाहिलं. मला तिथल्या तिथं नाहीसं व्हावंसं वाटलं. तो शब्द आमच्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता, आणि ते तो असा भर हॉलमध्ये बोलले होते, ताठ उभं राहून. मी हळू आवाजात म्हणाले, "पप्पा, हळू बोला ना."

"का?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

गार्ड चावी शोधायला गेला. तो येईपर्यंत आम्ही लिफ्टच्या दारासमोर शेजारी शेजारी उभे राहिलो, लोकांकडे पाठ करून. भिंत जवळ नव्हती. थोड्या वेळानं गुडघा भरून आला तेव्हा मी भार पप्पांच्या खांद्यावर टाकला, आणि ते थोडे वाकून उभे राहिले.